घाईचे ओझे

30 जुलै 2022 रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने 55 किलो वजनगटात स्नॅचमध्ये 113 किलो आणि क्लीन अँड जर्कच्या पहिल्याच प्रयत्नात 135 किलो उचलले. बेरीज झाली 248. दुसऱ्या प्रयत्नात 139 किलो डोक्यावर नेताना त्याच्या उजव्या कोपराला इजा झाली. तरीही तिसऱ्या प्रयत्नासाठी तो मंचावर आला, पुन्हा 139 लाच हात घातला, आणि बार खाली आला. मलेशियाच्या अनिक कसदानने 249 किलोंवर सुवर्णपदक नेले. अवघ्या एका किलोने. पुढे संकेतच्या कोपरावर शस्त्रक्रिया करावी लागली. त्या रौप्यपदकाचे मोल मोठे आहे आणि दुखऱ्या हाताने तिसऱ्यांदा बारसमोर उभे राहण्याच्या निर्णयाचेही. चार वर्षांतून एकदा येणारी स्पर्धा, समोर सुवर्ण आणि हातातोंडाशी आलेले अंतर, अशा वेळी खेळाडू जो धोका पत्करतो तो समजून-उमजून पत्करतो. पण तेच दृश्य मोबाइलवर पाहून अमरावतीच्या राजापेठेतला किंवा अकोल्याच्या जठारपेठेतला एखादा मुलगा साध्या मंगळवारी संध्याकाळी, कसलीही स्पर्धा नसताना, दुखऱ्या खांद्याने बेंचवर आणखी पाच किलो चढवतो, तेव्हा त्याने संकेतकडून नको ती गोष्ट घेतलेली असते. स्पर्धेत ताकद दाखवायची असते, सरावात ती कमवायची असते. या दोन कामांचे नियम वेगळे आहेत, आणि आपल्याकडच्या जिममध्ये ते सर्रास एकमेकांत मिसळले आहेत.

हे पुस्तक सरावाबद्दल आहे आणि त्याचा सगळा भर एका विधानावर आहे: ताकद कमावताना होणाऱ्या बहुतेक दुखापतींचे मूळ वजनाच्या आकड्यापेक्षा तो आकडा किती घाईने वाढवला यात असते. विधान साधे वाटते, पण ते मान्य केले की पुष्कळ काही बदलावे लागते. ‘जड उचलू नको, कंबर जाईल’ हा घरातला सल्ला सोडावा लागतो, आणि ‘मोडेपर्यंत कर, मगच वाढशील’ हा जिममधला सल्लाही सोडावा लागतो. दोन्ही सल्ले देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, म्हणून त्यांना पुराव्यानिशी उत्तर देणे भाग आहे. ही प्रस्तावना त्यासाठी थोडी लांबली आहे.

आधी ‘तीव्रता’ म्हणजे काय ते ठरवून घेऊ. जिममध्ये ‘आज हार्ड मारलं’ असे म्हणतात तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी असतात. एक, रॉडवरचे वजन आपल्या कमाल क्षमतेच्या किती टक्के होते. ज्याला एकदाच 100 किलोंची स्क्वॅट जमते, त्याच्यासाठी 80 किलो म्हणजे 80 टक्के. दोन, सेट थांबवला तेव्हा अंगात आणखी किती रेप, म्हणजे पुनरावृत्त्या, शिल्लक होते. तीन, दिवसभरात आणि आठवड्यात मिळून एकूण किती रेप झाले. प्रशिक्षणशास्त्रात तीव्रता म्हणतात ती पहिल्या गोष्टीला. दुसरी म्हणजे दमणूक आणि तिसरी म्हणजे प्रमाण. ताकद मुख्यतः पहिलीने वाढते. शरीर थकते आणि चुका करू लागते ते दुसरी-तिसरीने. पण घामाने भिजलेला बनियन आणि थरथरणारे पाय ही दमणुकीची खूण असल्यामुळे तीच तीव्रतेची खूण समजली जाते, आणि मग 60 टक्के वजनावर तीस-तीस रेप मारून कंबर धरलेला मुलगा ‘मी तर हलकंच उचलत होतो’ असे म्हणतो. तो खरेच बोलत असतो.

जड वजन मुळात धोक्याचे आहे का, याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही. वेटलिफ्टिंग आणि पॉवरलिफ्टिंगच्या खेळाडूंच्या दुखापतींच्या नोंदी अनेक देशांत ठेवल्या गेल्या आहेत. 2017 साली अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सरावाच्या दर हजार तासांमागे साधारण एक ते चार दुखापती आढळल्या. आठवड्याला पाच तास व्यायाम करणाऱ्याला हजार तास व्हायला जवळजवळ चार वर्षे लागतात. फुटबॉलसारख्या धक्काबुक्कीच्या खेळांशी तुलना केली तर हा आकडा लहान आहे, आणि तोसुद्धा जगातली सर्वांत जड वजने उचलणाऱ्यांचा. दुखापती कुठे होतात याचे उत्तरही बहुतेक नोंदींत एकच येते: कंबर, खांदा, गुडघा. त्यांतल्या बऱ्याचशा एका क्षणात काही तुटल्याच्या नसतात. ताणल्याच्या, सुजल्याच्या, हळूहळू कुरतडत गेलेल्या असतात. म्हणजे ज्या दिवशी दुखले त्या दिवसाचा दोष कमी आणि त्याआधीच्या सहा-आठ आठवड्यांचा जास्त.

याहून बोलका पुरावा ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या एका प्रयोगाचा आहे. 58 वर्षांवरच्या, पाळी थांबलेल्या आणि हाडांची घनता कमी असलेल्या 101 स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या जणींना आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास डेडलिफ्ट, स्क्वॅट आणि डोक्यावर प्रेस करायला लावले: पाच रेपचे पाच सेट, तेही कमाल क्षमतेच्या 80 ते 85 टक्क्यांहून जास्त वजनावर. आपल्याकडे अशा वयाच्या बाईला डॉक्टर पाण्याची घागरसुद्धा उचलू नका म्हणतात. निकाल असा निघाला की त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सरासरी 2.9 टक्क्यांनी वाढली आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्या गटाची 1.2 टक्क्यांनी घटली. कमरेत एकदा किंचित लचक भरली, यापलीकडे जड गटात इजा झाली नाही. या यशाचे रहस्य दोन गोष्टींत आहे आणि बातम्यांत त्या सहसा येत नाहीत. पहिला महिना त्यांना नुसते हालचाली शिकवण्यात आणि हलक्या वजनावर घालवला होता, आणि प्रत्येक सत्रात प्रशिक्षक समोर उभा होता. वजन तेच, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला वेळ दिलेला होता.

हा वेळ का लागतो हे शरीराच्या रचनेतच आहे. नवशिक्या मुलाची स्क्वॅट पहिल्या दोन महिन्यांत 40 किलोंवरून 70 वर जाते, तेव्हा त्याच्या मांड्या तेवढ्या वाढलेल्या नसतात. सुरुवातीची वाढ मुख्यतः मज्जासंस्थेची असते: मेंदूला आहे तेच स्नायू एकदम आणि योग्य क्रमाने कामाला लावणे जमू लागते. स्नायूचा आकार त्यामागून, काही आठवड्यांनी, दिसण्यासारखा वाढतो. आणि स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा सर्वांत मागे असतात. कोपनहेगनच्या संशोधकांनी 2013 साली याचा एक विलक्षण पुरावा दिला. 1955 ते 1963 या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला होता आणि त्या काळात तयार झालेल्या प्रत्येक पेशीजालात त्याची खूण राहिली आहे. टाचेवरच्या जाड कंडरेत ती खूण तपासली, तेव्हा कंडरेचा गाभा माणसाच्या वयाच्या पहिल्या सतरा वर्षांत तयार झालेला असतो आणि पुढे जवळजवळ बदलतच नाही, असे आढळले. स्नायूचे तसे नाही. तो सतत झिजतो आणि नव्याने बांधला जातो. म्हणजे विशीतला मुलगा ज्या कंडरांवर 100 किलो तोलतो त्या बहुतांशी त्याच्या शाळकरी वयातल्या असतात. त्या ताठ आणि भक्कम होऊ शकतात, पण त्यासाठी महिनोन्‌महिने लागतात. म्हणून धोक्याचा काळ पहिला आठवडा नसतो. दुसरा-तिसरा-चौथा महिना असतो, जेव्हा ताकद भरभर वाढल्याचे दिसते, आरसा खूश असतो आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला किंवा गुडघ्याच्या वाटीखाली बारीकशी कुरकुर सुरू होते.

मग हलकेच उचलावे, म्हणजे प्रश्न मिटला, असे कुणी म्हणेल. हा आक्षेप रास्त आहे, विशेषतः पालकांचा. पण कंडरांवरचेच संशोधन त्याच्या आड येते. कंडरेला ताठपणा येतो तो बऱ्यापैकी जड वजनाने, कमाल जोराच्या सुमारे 70 टक्क्यांच्या वर, आणि तेही तीन महिने किंवा त्याहून जास्त सातत्य असेल तर. हलक्या वजनाने स्नायूचा घेर वाढू शकतो, जड वजनाइतकाच वाढू शकतो असेही प्रयोगांत दिसले आहे. पण कमाल ताकद जड वजनानेच जास्त वाढते. ज्याने फक्त हलके उचलले त्याचा स्नायू भरलेला आणि बांधणी मात्र अपुरी, अशी जोडी तयार होण्याचा संभव असतो. शिवाय ताकदीचा व्यायाम हा स्वतःच दुखापतीवरचा मोठा उपाय आहे. 2014 साली निरनिराळ्या खेळांतल्या सव्वीस हजारांवर लोकांच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा ताकदीच्या व्यायामाने खेळातल्या दुखापती एक-तृतीयांशाखाली आल्या. ताणण्याच्या व्यायामाचा तसा परिणाम दिसला नाही. तेव्हा जड वजन टाळणे हा सुरक्षित मार्ग नाही. जड वजनाकडे सावकाश जाणे, एवढाच मार्ग उरतो.

वऱ्हाडला हे कोणी बाहेरून शिकवायची गरज नव्हती. 1914 साली अमरावतीत अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाचे पथक भारतीय व्यायाम आणि खेळांची प्रात्यक्षिके घेऊन गेले होते. 1967 साली मंडळाने शारीरिक शिक्षणाचे पदवी महाविद्यालय सुरू केले. पण मला या संस्थेचे खरे मोठेपण दौऱ्यांत आणि पदकांत दिसत नाही. व्यायाम ही शिकवायची गोष्ट आहे, तिला पाठ्यक्रम असतो, पायऱ्या असतात आणि शिकवणाऱ्यालाही आधी शिकावे लागते, हे तिने ठरवले, यात ते आहे. बर्लिन दौऱ्याच्याच काळात बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढायला घेतले. एक अख्खी पिढी व्यायामाकडे विद्या म्हणून पाहत होती.

त्या विद्येचा क्रम किती बारीक होता ते मल्लखांबावर दिसते. अढी पक्की झाल्याशिवाय वस्ताद मुलाला तेढीकडे नेत नसे. अढीत पोर खांबाला पायांनी नुसते लटकते. बघणाऱ्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण त्या लटकण्यात मांड्यांच्या आतल्या बाजूला, पोटाला आणि पंजाला जी सवय लागते तिच्याशिवाय पुढची पकड करायला गेले तर पोर डोक्यावर येते. मुद्गलांचेही तेच. हलक्या जोडीवर हात बसल्यावर जड जोडी. आणि जोडी न बदलता जोर वाढवायचा असेल तर फेरा मोठा करायचा, म्हणजे तेच पाच किलो खांद्यापासून दूर जातात आणि खांद्याला अधिक भरतात. बैठकांचा आकडा रोज थोडा-थोडा वाढवत न्यायचा, जत्रेच्या कुस्त्या झाल्या की उतरवायचा. आज ज्याला चढता भार आणि विश्रांतीचा आठवडा म्हणतात ते हेच. या परंपरेत दोषही होते. शेकडो-हजारो बैठकांचे आकडे मिरवण्यापायी कित्येकांचे गुडघे गेले असतील, आणि मुलींना आखाड्याच्या दारातूनच परत पाठवले जाई. पण क्रम होता. मग जिम आली, रॉड आणि प्लेट आल्या, मशिनी आल्या, आणि त्यांच्यासोबत यायला हवे होते ते टक्क्यांचे आणि नोंदींचे गणित मागेच राहिले. जुना क्रम सुटला, नवा आलाच नाही, आणि मधल्या मोकळ्या जागेत घाई शिरली.

या घाईचे आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण शरीरसौष्ठव नाही. पोलीस भरती आहे. पुरुष उमेदवारांसाठी 1600 मीटर धावणे, 100 मीटर धावणे आणि 7.260 किलोंचा गोळा, मिळून 50 गुण. जाहिरात कधी निघेल याचा नेम नाही; निघाली की दोन-तीन महिन्यांत सगळे करायचे. वर्षभर शेतात किंवा पुस्तकांत असलेली पोरे एका आठवड्यात रोज सकाळी धावायला, दुपारी गोळ्याला आणि संध्याकाळी जिमला लागतात. ज्या शरीराने आदल्या महिन्यात काहीच केले नाही त्याच्यावर या महिन्यात सगळेच पडते. नडगीचे दुखणे, खांद्याचे दुखणे, कमरेत उसण: ही यादी भरतीच्या मैदानावर कुणालाही तोंडपाठ असते. अशा मुलाला ‘सावकाश घे’ म्हणणे म्हणजे त्याच्या नोकरीशी खेळणे वाटते, आणि त्याचा राग मी समजू शकतो. त्याला माझे सांगणे एवढेच की जाहिरातीची वाट न पाहता आठवड्यातून दोन दिवस, पाऊण-पाऊण तास, वर्षभर वजन उचल. मग जाहिरात निघेल तेव्हा तुला फक्त धावणे आणि गोळ्याचे तंत्र वाढवावे लागेल, हाडे-कंडरा तयार असतील. ज्याच्याजवळ आता खरोखरच दोनच महिने आहेत त्याने तिन्ही गोष्टी एकदम न वाढवता एका वेळी एकच वाढवावी. दोन गुण कमी पडतील. पण लंगडत मैदानावर गेल्यास त्याहून कितीतरी अधिक जातील.

टक्केवारीत आणखी एक गोम आहे, आणि ती वऱ्हाडात विसरून चालत नाही. 80 टक्के म्हणजे कशाच्या 80 टक्के? कागदावरच्या कमाल आकड्याच्या, की आज या घडीला अंगात असलेल्या ताकदीच्या? अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो. पत्र्याच्या शेडमधल्या जिममध्ये संध्याकाळी सहालाही भिंती तापलेल्या असतात. अशा वेळी हृदयाचे ठोके आधीच वाढलेले असतात, घामाने रॉड हातात फिरतो, अंगातले पाणी कमी झालेले असते. हिवाळ्यात जे 80 टक्के होते ते वजन त्या दिवशी त्याहून जड पडते. कडक उन्हात सवय नसताना शेकड्यांनी बैठका मारल्या तर स्नायू फुटून त्यातले द्रव्य मूत्रपिंडात अडकण्याचा प्रकारही घडतो. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठावा. श्रावणातले उपवास, रमजानचे रोजे, रात्रपाळी, परीक्षेची जागरणे यांनाही हाच हिशेब लागू आहे. अशा दिवशी वजन थोडे उतरवणे हा नियमाचाच भाग आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

शेतातल्या कामाचेही तसेच. सोळा लिटरचा फवारणी पंप पाठीवर घेऊन सहा तास चाललेला, किंवा सोयाबीनचे कट्टे दिवसभर ट्रॅक्टरवर चढवलेला मुलगा संध्याकाळी जिममध्ये येतो तेव्हा त्याचे सेट होऊन गेलेले असतात. ते वहीत लिहिलेले नसतात इतकेच. शहरी पुस्तकांतले तक्ते दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी असतात. आपल्या मुलाने खरिपाच्या काढणीत जिममधली डेडलिफ्ट निम्म्यावर आणावी आणि उन्हाळ्याआधीच्या मोकळ्या महिन्यांत ती चढवावी, हे त्याच्या जीवनाला धरून होईल. यावर हमखास येणारा आक्षेप हमालांचा. बाजार समितीतले हमाल कोणताही तक्ता न बघता क्विंटलभराचे पोते पाठीवर घेत आले आहेत, त्यांचे काय? त्यांचे असे, की आपल्याला दिसतो तो टिकलेला हमाल. ज्याची कंबर तिशीत गेली तो घरी बसलेला असतो, तो आपल्या उदाहरणात येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1967 सालीच प्रौढ पुरुषाने वाहायच्या ओझ्याची मर्यादा 55 किलोंवर आणावी अशी शिफारस केली, ती जगभरच्या अशाच शरीरांकडे पाहून.

बल्गेरियाचे उदाहरण देणारे जास्त जाणकार असतात. इव्हान अबाजिएव्ह या प्रशिक्षकाच्या हाताखाली तिथले खेळाडू जवळजवळ रोज कमाल वजन उचलत आणि ऑलिंपिक पदके घेऊन येत. मग आपण कमाल वजनाच्या अलीकडे का थांबायचे? पहिले कारण निवडीचे: लहानपणापासून चाळून, त्यातही मोडले ते गाळून उरलेले ते खेळाडू होते, आणि त्यांचे दिवसभराचे काम तेवढेच होते. दुसरे कारण कटू आहे. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये बल्गेरियाच्या दोन सुवर्णविजेत्यांची पदके प्रतिबंधित औषधामुळे काढून घेतली गेली आणि पूर्ण संघ माघारी गेला. त्या पद्धतीचे यश कशाकशाच्या आधारावर उभे होते हे तेव्हा जगाला कळले. जगज्जेत्यांनाही शरीर थांबवतेच. मीराबाई चानू 2017 ला विश्वविजेती झाली आणि 2018 ला कमरेच्या दुखण्यामुळे आशियाई स्पर्धेला मुकली. तिने थांबून, शरीराच्या दोन बाजूंमधला असमतोल शोधून तो दुरुस्त केला. 2021 ला टोकियोत 202 किलोंवर तिने रौप्य मिळवले. महिनाभर थांबलो तर सगळे जाईल, ही भीती किती फोल आहे हे यातून दिसावे.

दमून मोडेपर्यंत सेट न्यावा का, हा वाद आता बराचसा निकाली निघाला आहे. अलीकडच्या एकत्रित आढाव्यांत, एकूण काम सारखे ठेवले तर शेवटच्या रेपपर्यंत जाण्याने ताकदीत वेगळा फायदा दिसत नाही. खरे तर याची चाहूल फार पूर्वी लागली होती. थॉमस डिलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचे पाय वजनांनी बळकट केले. 1945 साली त्याने आपल्या पद्धतीत 70 ते 100 रेप सांगितले होते. तीनच वर्षांत 20 ते 30 रेप अधिक चांगले, असे त्याने स्वतःच दुरुस्त करून लिहिले. सोव्हिएत प्रशिक्षक प्रिलेपिन यांचा तक्ताही हेच सांगतो: 70 ते 80 टक्क्यांवर एका व्यायामाचे दिवसाला सुमारे 18 रेप, 80 ते 90 वर 15, आणि 90 च्या वर फक्त 7. वजन जसे चढते तसे प्रमाण उतरते. हे आकडे कसलेल्या वेटलिफ्टरांचे आहेत, तेव्हा सामान्य माणसाने ते वरची मर्यादा म्हणून वाचावेत. रोजच्या वापरासाठी सोपी खूण अशी, की आणखी दोन रेप नीट निघाले असते असे वाटताच सेट थांबवावा.

‘नीट’ या शब्दात तंत्र येते. डेडलिफ्टमध्ये दमलेल्या मुलाकडे बाजूने पाहा. पहिल्या तीन रेपमध्ये रॉड नडगीला घासत वर येतो. चौथ्याला नितंब आधी वर जातात, छाती खालीच राहते, पाठ कमानीसारखी वाकते आणि रॉड नडगीपासून तीन बोटे, मग चार बोटे पुढे सरकतो. रॉडवर 100 किलो आहेत आणि कमरेपासून तो 40 सेंटिमीटर पुढे आहे असे धरा. तोच 48 वर गेला तर कमरेवर येणारा रॉडचा ताण वीस टक्क्यांनी वाढला. बाजूला उभा मित्र ‘और एक, और एक’ ओरडत असतो आणि त्याच क्षणी कंबर, एकही प्लेट न वाढवता, 120 किलो उचलत असते.

दुखणे ओळखायलाही शिकावे लागते. व्यायामानंतर एक-दोन दिवस पसरट, दाबल्यावर जाणवणारे ठणकणे असते; त्याला भिऊ नये. एका बोटाने दाखवता येणारे, सांध्यातले, गरम होऊनही न जाणारे किंवा आठवड्यागणिक वाढणारे दुखणे असेल तर तो व्यायाम बदलावा, वजन निम्मे करावे, पण हालचाल बंद करू नये. पायात मुंग्या उतरत असतील, पंजा उचलताना जोर लागत नसेल तर डॉक्टरकडे जावे. लघवीवरचा ताबा गेला तर त्याच तासाला जावे. मणक्याची गादी सरकली म्हणून आयुष्यभर वजन बंद, हा निष्कर्ष मात्र स्वतःच्या मनाने काढू नये. योग्य देखरेखीखाली कित्येक जण पुन्हा उचलू लागतात.

जिमचालकांकडे एक मागणे आहे आणि ते पैशाच्या दृष्टीने फार नाही. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या जिममध्ये सर्वांत लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना एक-एक लावली की उडी पाच किलोंची. 100 किलोंची स्क्वॅट करणाऱ्याला ती पाच टक्के पडते. 20 किलो डोक्यावर नेणाऱ्या मुलीला पंचवीस टक्के. तिने आठवडाभर मन लावून केलेल्या सरावाला इतके मोठे पाऊल सोसत नाही, म्हणून ती एक तर अडकून पडते नाहीतर खांदा दुखावून घेते, आणि मग ‘मुलींना हे जमत नाही’ असे म्हटले जाते. सव्वा किलोच्या चार प्लेट आणि अर्ध्या किलोच्या दोन, एवढ्या आणून ठेवाव्यात. रॉडही तोलून घ्यावेत. स्पर्धेचा पुरुषांचा बार 20 किलोंचा आणि स्त्रियांचा 15 चा असतो, पण स्थानिक बनावटीचे रॉड नऊही भरतात आणि तेराही. बाजारात धान्याच्या काट्यावर एकदा नेऊन जे भरेल ते प्रत्येक रॉडच्या टोकाला पांढऱ्या रंगाने लिहावे, म्हणजे वहीत उतरवलेला आकडा कोणत्याही गावात, कोणत्याही जिममध्ये एकच राहील. पुस्तकातले सगळे तक्ते असे तोललेले रॉड आणि सव्वा किलोची प्लेट गृहीत धरून केले आहेत.